सायकलच्या फ्रेमला ओरखडा पडतो कुठे आणि पोचा बसतो कशानं?

चाळीस-पन्नास हजारांची गिअरची सायकल घेतली की दुकानातच पुढचा प्रश्न येतो, "पीपीएफ मारून घेता की सिरॅमिक?" कारचा रंग वाचवायला जी फिल्म आणि जो लेप लावतात तेच आता सायकललाही. घेणारा मान डोलावतो, बिलात एक ओळ वाढते आणि ती कशाची हे घरी आल्यावरही कळत नाही. दुसऱ्या टोकाला आपले गल्लीतले मेकॅनिक मामा. "मामा, नवी सायकल हाय, महिन्यात चेनजवळचा रंग गेला बघा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "जुनी ट्यूब गुंडाळा, कायबी होत न्हाई." दोघांचंही थोडं खरं आहे आणि थोडं नाही. कोणाचं कुठं खरं हे कळायला आधी फ्रेमच्या अंगावर काय असतं ते बघावं लागतं.

ओरखडा रंगाचा, पोचा धातूचा

चाकं, हँडल, सीट, पायडल काढून टाकलं की उरतो तो नळ्यांचा सांगाडा म्हणजे फ्रेम. लहानपणी आपण जिच्यावर बसून बाजारात गेलो ती वरची नळी. पाण्याची बाटली अडकवतात ती खालची, सीट खोवतात ती उभी, आणि हँडलखाली एक आखूड नळी. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांपैकी चेनला समांतर जाते तिला चेनस्टे म्हणतात. एवढी नावं पुरे झाली.

या नळ्यांवर रंगाचे साधारण तीन थर असतात. आत प्रायमर, तो धातूला धरून राहतो. त्यावर रंग. सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, चकाकी त्याची. तिन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ओरखडा कितपत खोल आहे हे बघायला नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर फक्त लॅकर गेलं आहे, ते पॉलिशनं बऱ्यापैकी बुजतं. नख अडकलं तर खाली रंगापर्यंत काम गेलंय. आणि राखाडी किंवा चंदेरी धातू दिसत असेल, तर विषय दिसण्यापुरता राहिला नाही.

पोच्याची गोष्ट वेगळी. तिथं रंग कधी कधी शाबूत असतो, पण आतली नळी दबलेली असते. म्हणूनच कोणताही लेप, कोणतंही पॉलिश, कोणतीही फिल्म पोचा थांबवण्यासाठी बनलेली नाही. दुकानदारानं "याच्यानं डेंटसुद्धा येत नाही" म्हटलं की तिथंच ओळखावं.

पडल्यानं कमी, घासल्यानं जास्त

सायकल पडली तर ओरखडे येणारच, पण माणूस रोज पडत नाही. फ्रेमचा रंग खरा जातो तो रोजच्या घासण्यानं. ब्रेकची आणि गिअरची केबल हँडल वळलं की आखूड नळीवर एकाच जागी घासते. खड्ड्यातून गेलं की चेन उसळून चेनस्टेवर आपटते. बुटाची टाच मागच्या नळीला लागते. दूधवाल्याची किटली मागच्या दोन्ही नळ्यांवर झुलत असते. यातलं एकही एकट्यानं फार नुकसान करत नाही. मधे धूळ आली की करतं.

आणि धूळ म्हटलं की आपला बेळगाव जिल्हा काही साधा नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची लाल माती जांभ्याची. तिला लाल करतं ते लोहाचं ऑक्साइड. सोनार दागिन्याला शेवटची चकाकी आणायला जी तांबडी भुकटी वापरतात, तीही लोहाच्या ऑक्साइडचीच. दागिन्यावर ती अगदी बारीक दळलेली असते, म्हणून चमक येते. रस्त्यावरची मात्र दळलेली नसते, तिच्यात वाळूचे कण मिसळलेले असतात, आणि सायकलचं लॅकर त्यांच्यापुढं मेणासारखं मऊ. चोर्ला घाटाच्या रस्त्यानं जाऊन आलेली सायकल घरी आल्या आल्या कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे आपल्याच हातानं तिच्यावर पॉलिश पेपर मारणं. उन्हात धरून तिरकी बघा, गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसेल. काळ्या आणि निळ्या रंगावर तर हमखास. आधी पाणी ओतून माती वाहू द्यायची, मग ओल्या मऊ फडक्यानं पुसायचं. साबण भांड्याचा चालतो, थोडा. या एका सवयीनं जेवढा रंग वाचतो तेवढा महागड्या लेपानंही वाचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अथणी, रायबाग, गोकाककडच्या वाचकांना लाल मातीची तक्रार नसेल, पण काळी माती वेगळा त्रास देते. पावसाळ्यात ती चाक आणि चेनस्टेच्या मधल्या फटीत भरते, घट्ट बसते आणि फिरणारं चाक ती नळीवर घासत राहतं. मडगार्डच्या आत भरलेल्या चिखलाकडे आपण बघतो, या फटीकडे कोणी बघत नाही. एखादी काडी घेऊन तो चिखल ओला असतानाच काढावा. वाळला की तो वीट होतो.

भिंतींचंही सांगायला हवं. चिऱ्याच्या भिंतीला सायकल टेकवून ठेवणं ही आपल्या भागातली जुनी सवय. त्या दगडाचा पृष्ठभाग छिद्रांचा आणि खरबरीत असतो, आणि टेकलेली सायकल थोडी तरी सरकतेच. टेकवायचीच असेल तर सीट किंवा हँडलची मूठ भिंतीला लागेल अशी टेकवा, वरची नळी नको. नाहीतर सरळ स्टँड लावा. गिअरच्या सायकलीला स्टँड शोभत नाही म्हणणारे लोक मला कधी कळले नाहीत.

जुन्या अॅटलास सायकलला पोचा का बसत नव्हता?

"आमच्या वडिलांच्या सायकलवर दोन पोती जायची, चाळीस वर्षं झाली, एक पोचा नाही. आणि ही नवी नुसती हँडल लागून दबली!" ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण कारखान्याची लबाडी नव्हे.

जुनी काळी सायकल पोलादाची. नळी बारीक, साधारण इंचभर जाडीची, आणि तिची भिंत भरपूर. पोलाद जड, पण ताठ. अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणाही साधारण एक तृतीयांशच. मग फ्रेम लवचिक होऊ नये म्हणून काय करायचं? नळी रुंद करायची. नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट वाढतो. हिशेब फायद्याचा आहे, म्हणून नव्या सायकलींच्या नळ्या अशा दंडासारख्या दिसतात. मग वजन आणखी वाचवायला भिंत पातळ करतात, तीही सगळीकडे सारखी नाही. जोडाजवळ जाड ठेवतात कारण ताण तिथं जास्त, आणि मधल्या भागात पातळ. चांगल्या पोलादी फ्रेममध्ये हा मधला भाग अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत खाली येतो, अॅल्युमिनियममध्ये त्याहून थोडा जाड.

थंड पेयाचा रिकामा डबा घ्या. उभा ठेवून त्यावर हलक्या पायानं बरोबर मधोमध उभं राहिलात तर तो माणसाचं वजन पेलू शकतो. त्याच डब्याला बाजूनं अंगठ्यानं दाबा, लगेच आत जातो. रुंद आणि पातळ नळीचं असंच असतं. चालवणाऱ्याचं वजन, रस्त्याचे धक्के ती आरामात घेते, कारण ती त्यासाठीच बेतलेली आहे. बाजूनं एका बिंदूवर बसलेला घाव तिच्या हिशेबात नसतो.

हा घाव येतो कुठून? बहुतेक वेळा सायकलच्याच हँडलमधून. सायकल आडवी पडली की पुढचं चाक गर्रकन फिरतं आणि हँडलचं टोक किंवा ब्रेकची मूठ वरच्या नळीवर येऊन आदळते, तीही नेमकी पातळ भागाच्या आसपास. शाळेच्या सायकल स्टँडवर उभं राहून बघा. सुट्टीची घंटा झाली, एकानं घाईनं सायकल ओढली, की ओळीतल्या दहा कोसळतात. एकीचं पायडल दुसरीच्या नळ्यांत, तिसरीची मूठ चौथीच्या नळीवर. मुठीच्या टोकाचं रबर फाटून आतला पाइप उघडा पडला असेल तर तो पंचसारखा काम करतो. ते रबरी टोपण किंवा नवी मूठ बसवणं हा पोचा टाळण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो आपल्या सायकलपेक्षा शेजारच्या सायकलवर जास्त उपकार करतो.

दुसरं कारण दुरुस्तीचा स्टँड. सायकल हवेत धरायला मेकॅनिक वरच्या नळीला चिमटा आवळतो. जुन्या काळ्या पोलादी सायकलला चालून जातं. पातळ नळीला नाही. "सीटच्या दांड्याला धरा" एवढं सांगायला संकोच करू नये.

पीपीएफ म्हणजे काय, आणि लावावं कुठे?

पीपीएफ ही पॉलियुरेथेनची पारदर्शक, चिवट फिल्म. तिचा जन्म हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी झाला. व्हिएतनाम युद्धात वाळूनं पात्यांच्या कडा झिजत होत्या, म्हणून त्यांवर अशी टेप चिकटवायला लागले. आजही सायकलवाले तिला हेलिकॉप्टर टेप म्हणतात. आजच्या फिल्मची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे फ्रेमच्या सगळ्या रंगाच्या जवळपास दुप्पट. खडा आला की ती थोडी दबते, धक्का पसरवते आणि परत येते. चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा कोमट पाण्यानं किंवा उन्हानं भरूनही येतात. दुकानदाराचं म्हणणं इथपर्यंत खरं.

खोटं कुठं? पूर्ण सायकल मढवण्याची गरज सांगतात तिथं. रंग मोजक्या जागी जातो, फिल्मही तिथंच हवी. आखूड नळीवर केबल घासते ते दोन-चार ठिकाण. चेनच्या बाजूचा चेनस्टे, वरून आणि आतून. खालच्या नळीची खालची बाजू, कारण पुढच्या चाकानं उडवलेले खडे सरळ तिथं बसतात, आणि चोर्ल्याला किंवा राजहंसगडाच्या चढाला जाणाऱ्यांनी ही जागा अजिबात सोडू नये. वरच्या नळीवर पिशवीचे पट्टे येतात ती जागा. बस्स. कारला फिल्म लावणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारलं तर मिळतात. मात्र साधी पीव्हीसी फिल्म घेऊ नका, ती पिवळी पडते, ताठरते आणि काढताना गोंद मागे सोडते.

लावायची रीत सोपी आहे, घाई मात्र नको. जागा धुऊन, वाळवून, स्पिरिटनं पुसून घ्या, तेलाचा अंश राहता कामा नये. तुकड्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलतो. पाण्यात शांपूचे दोन थेंब टाकून ते नळीवर आणि फिल्मच्या गोंदावर फवारा, म्हणजे फिल्म सरकवून नीट बसवता येते. मग जुन्या एटीएम कार्डला कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी ढकलत जा. वळणावर फिल्म ऐकत नसेल तर केस वाळवायचं यंत्र लांबून फिरवा. रात्रभर सायकलला हात लावू नका. मॅट रंगाच्या फ्रेमला मॅट फिल्मच घ्यावी, नाहीतर तेवढा तुकडा तेलकट डाग पडल्यासारखा चकाकतो. फ्रेमवरचं नाव लॅकरच्या वर नुसतं स्टिकर म्हणून चिकटवलेलं असेल, तर त्यावर फिल्म लावू नका, काढताना नावासकट निघेल.

मग मामांची ट्यूब चुकीची का?

चुकीची नाही. चेन आपटण्यापासून चेनस्टे वाचवायला जुनी ट्यूब उभी चिरून घट्ट गुंडाळणं हा उत्तम उपाय आहे, आवाजही कमी होतो. जाडी भरपूर असल्यानं इथं ती फिल्मपेक्षा सरस ठरते.

अडचण पावसाची आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः बेळगावच्या पश्चिमेला, वेटोळ्यांच्या आत शिरलेलं पाणी वाळायला सवडच मिळत नाही. त्यात माती शिरली की रबराच्या आत बारीक घासकामही सुरू. पोलादी फ्रेम असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा ट्यूब सोडून आत बघा. खंडेनवमीला सायकल धुऊन पुजतोच आपण, तेव्हाच हे होऊन जातं.

नव्या सायकलीवरचं कारखान्याचं प्लास्टिक वर्षभर न काढणाऱ्यांनाही हेच लागू. सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलांना सायकली देण्याची योजना कर्नाटकात २००६-०७ साली सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी असं प्लास्टिक लोंबणाऱ्या सायकली दिसत आल्या. आई-बाप म्हणतात, "राहू दे की, रंग टिकंल." रंग वरून टिकतो आणि आतून फुगतो. काढलेलं प्लास्टिक आणि फोमच्या नळ्या मात्र फेकू नका. सायकल बसच्या टपावर किंवा रेल्वेच्या लगेज डब्यातून न्यायची वेळ आली की त्याच कामाला येतात. त्या नसतील तर एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात तो काळा फोम घ्यावा. तो उभा चिरलेला असेल तर नळीवर बरोबर बसतो. वरून गोणपाट, आणि दोरी फोमवरूनच आवळायची, उघड्या नळीवर नाही.

सिरॅमिक कोटिंगनं काय होतं?

पाणी आणि चिखल पटकन ओघळतो, धुणं सोपं जातं, चकाकी छान दिसते. ओरखड्यापासून संरक्षण मात्र नावापुरतं, कारण हा थर फिल्मच्या मानानं अगदीच नगण्य जाडीचा असतो. खडा अडवण्याइतकं अंग त्याला नाही. हौस म्हणून करा, ढाल म्हणून नको.

"अॅल्युमिनियमला गंज लागत नाही, मग एवढं कशाला?"

लोखंडासारखा तांबडा गंज लागत नाही हे खरं. अॅल्युमिनियम उघडं पडलं की हवेतच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचं उलट. त्याचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो शेजारचा रंग आतून उचलतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा टवका पावसाळाभरात नाण्याएवढा होतो.

पण अॅल्युमिनियमलाही मिठाचं वावडं आहे. पावसाळ्यात घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल मारणाऱ्यांचा घाम वरच्या नळीवर आणि स्क्रूंवर ठिबकतो. जिथं पोलादी स्क्रू अॅल्युमिनियमला भिडतो, तिथं खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये छोटीशी विद्युत-रासायनिक क्रिया चालू होते आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू काढून बघा, भोवती पांढरी भुकटी किंवा रंगाचे फोड दिसले तर ते हेच. ट्रेनरवर बसताना नळीवर टॉवेल टाका आणि स्क्रूंना ग्रीस लावा.

टवका भरायचा तर

दुखऱ्या जागेपुरताच बारीक पॉलिश पेपर मारा, गंज पूर्ण निघाला पाहिजे. पोलादाला हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड प्रायमर काडीनं लावा, वाळू द्या, मग जुळत्या रंगाचं नेलपॉलिश पातळ पातळ दोन-तीन हातांत. एकदम जाड लावलं की सुरकुततं. आणि हे काम जुलैत काढू नका. हवेत दमटपणा असला की नेलपॉलिश वाळताना पांढुरकं पडतं. तोपर्यंत पोलादावर मेणाचा किंवा ग्रीसचा बोट फिरवून ठेवलं तरी निभतं.

पोचा बसलाच, आता चालवू का?

पोलादी फ्रेम, नळीच्या मधोमध, गोलसर उथळ पोचा, कडा गुळगुळीत: चालवा. दिसायला वाईट, धोका कमी. चांगले कारागीर अशा नळीवर लाकडी किंवा धातूचा साचा आवळून पोचा बराचसा गोलाईत आणतात.

अॅल्युमिनियमचा पोचा बाहेर ओढायला जाऊ नका. हा धातू एकदा वाकून पुन्हा सरळ केला की तिथं तडकायला तयार असतो. शिवाय पोलादाला ठरावीक मर्यादेखालचे धक्के कितीही वेळा बसले तरी ते सहन करतं, अॅल्युमिनियमच्या खात्यात मात्र प्रत्येक धक्का जमा होत जातो. उथळ गोल पोचा असेल तर तो तसाच ठेवून लक्ष ठेवायचं. घडी पडल्यासारखी धारदार रेघ असेल, किंवा पोचा वेल्डिंगजवळ असेल, तर चालवणं थांबवायचं. चीर आहे की नुसता ओरखडा हे कळत नसेल तर जागा स्वच्छ पुसा आणि आठवडाभर जवळपासच चालवून परत बघा. चिरेत माती परत भरते आणि तीच बारीक काळी रेघ पुन्हा उमटते. रेघ मागच्या वेळेपेक्षा लांब झाली असेल तर फ्रेम संपली समजा.

कार्बन फायबरला पोचा बसत नाही. तो एकतर टिकतो किंवा आतले थर सुटतात, आणि वरून कधी कधी काहीच दिसत नाही. नाण्यानं हलकं टकटक करत नळीवरून जा. टणक आवाज अचानक मेलेला, बद्द यायला लागला तर तिथं गडबड आहे. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला मात्र धातू कोणताही असो, वाक किंवा चीर दिसली की सवलत नाही. तो तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

सगळाच रंग गेलाय, पावडर कोटिंग करून घेऊ?

गेट, ग्रिल, मशीनचे भाग यांना करतात तेच हे काम. उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीत ओळख असेल तर मोह होणारच. कोरडी भुकटी विजेच्या भारानं धातूवर चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. थर चिवट होतो. पोलादी फ्रेमला झकास.

अॅल्युमिनियमला जपून. त्याची ताकद कारखान्यात ठरावीक तापमानाला मुरवून आणलेली असते, भट्टी जास्त तापली किंवा फ्रेम आत विसरली तर ती ताकद उतरते. आणि कार्बनला भट्टी अजिबात नको, आतलं रेझिनच मऊ पडतं. जुना रंग काढायला गेटसारखं जोरात सँडब्लास्टिंग केलं तर पातळ नळी खरवडली जाते, म्हणून रसायनानं किंवा हलक्या हातानं काढायला सांगा. पायडलच्या मधल्या भोकाचे आटे आणि हँडलचे बेअरिंग बसतात त्या जागा झाकल्या नाहीत तर आट्यांत रंग भरतो आणि पुढं काहीच बसत नाही. वॉरंटीतली फ्रेम असेल तर आधी कंपनीला विचारा.

देण्याआधी सायकल उलटी करून पायडलच्या भोकाखालचा फ्रेम नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावडरचा थर बसला की तो वाचता येईलच असं नाही, आणि सायकल चोरीला गेली तर पोलिस पहिला तोच मागतात.